लाकडी माओरी गळाचं टोक पुन्हा पुन्हा तुटतंय? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, धाटणीची लाकडी पेंडंट, त्यातही हेई मातौ म्हणजे माशाच्या गळाचा आकार, हाताने कोरणाऱ्यांकडून येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून याच असतात:

गळाचं टोक स्वेटरमध्ये अडकलं किंवा फरशीवर पडलं की मोडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नगातही मोड त्याच जागी येते.

तळाच्या बाकाला आतल्या अंगाने बारीक रेघ दिसते. बोटांनी दोन्ही बाजू हलक्या दाबल्या की रेघ उघडते, सोडलं की मिटते.

दोरीच्या भोकापासून वरच्या कडेपर्यंत चीर जाते. कधी भोक पाडतानाच, कधी महिन्याभराने.

कोरून, तेल लावून ठेवलेला नग न वापरताच तडकतो. न्यूझीलंडमध्ये हे हिवाळ्यात हीटर सुरू झाल्यावर होतं, आणि इथून भारतात पाठवलेल्या नगाला नागपूरचा मे महिना लागला की होतं.

यातलं काहीही घडलं की पहिला प्रश्न येतो, "गोंद कुठला वापरू?" गोंद या यादीत अगदी शेवटी आहे. माझ्या हाताखालून असे मोडके नग बरेच गेलेत, आणि बहुतेकांत दोष कोरणाऱ्याच्या हातात नव्हता, लाकडाच्या जातीतही नव्हता. आराखडा हाडाचा किंवा दगडाचा होता आणि माल लाकडाचा. पौनामू, म्हणजे न्यूझीलंडचा हिरवा दगड, आतून एकमेकांत गुंतलेल्या सूक्ष्म तंतूंचा असतो. त्यामुळे तो कुठल्याही दिशेने जवळजवळ सारखाच चिवट. हाडही बारीक टोक बऱ्यापैकी पेलतं. लाकडाला मात्र दिशा आहे. रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत ते जेवढी ओढ सहन करतं, तिच्या दहाव्या हिश्शाएवढीही ओढ रेषांच्या आडवी सहन करत नाही. पौनामूच्या गळाचा फोटो छापून, फर्मा कापून, तो आबनुसावर ठेवला की टोक मोडणार हे तिथेच ठरतं.

पण थेट आराखड्यावर जाऊ नका. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी.

दोरी आणि वापर

नग गळ्यात घालून आंघोळ होते का? पोहणं? झोपताना काढता का? भिजलेलं लाकूड फुगतं, मग अंगाच्या उबेने एका बाजूने आधी सुकतं आणि त्या ओढाताणीत सगळ्यात अशक्त जागा सुटते. तेल-मेणाने पाणी आत जायला वेळ लागतो, थांबत काही नाही.

मग भोकात काय आहे ते बघा. बारीक धातूची कडी असेल तर सगळा भार एका बिंदूवर येतो आणि कडी लाकूड हळूहळू कापत जाते. भोकाच्या वरच्या कडेला चकचकीत खाच दिसली तर निदान झालंच. कडी काढा, मेण लावलेली सुती दोरी दुमडून ओवा आणि गाठ भोकाच्या बाहेर येऊ द्या. भोकात घट्ट बसवलेली गाठ घामाने फुगते आणि पाचरीचं काम करते.

दहातल्या दोन-तीन नगांचा प्रश्न इथेच सुटतो.

मोडलेला तुकडा टाकू नका

मोडीच्या दोन्ही बाजू खिडकीशी नेऊन, भिंग असेल तर भिंगाखाली बघा. सगळं तिथे लिहिलेलं असतं.

मोड सपाट, गाजर मोडल्यासारखी, तंतू बाहेर न आलेली असेल तर ती जागा आडव्या रेषांची होती. दोष आराखड्यात आहे. खाली त्यावर सविस्तर लिहिलंय.

मोडीत लांब कुसळं निघाली असतील तर रेषा बरोबर होत्या, आघातच मोठा होता. त्या नगाची दुरुस्ती सोपी आहे आणि ती टिकते.

मोडीचा काही भाग काळपट, तेल मुरलेला आणि उरलेला ताजा-फिका असेल तर तिथे आधीपासून चीर होती. तुम्ही लावलेलं तेल त्या चिरेत शिरलं होतं. म्हणजे नग पडल्यामुळे फुटला नाही, फुटलेलाच होता. पडल्यावर फक्त दिसला. हा नग सुकवणीच्या तपासणीकडे जाईल.

मोड भुसभुशीत असेल, नखाने पावडर निघत असेल तर लाकूड कुजकं आहे. त्या ओंडक्यातून दुसरा नग काढू नका. आतून कुजलेल्या लाकडावर नक्षी सुंदर येते हे मान्य, पण ते दोरीला टांगायचं लाकूड नव्हे.

स्पिरिट आणि बॅटरी

न मोडलेल्या नगांची तपासणी अशी. कापसाला स्पिरिट लावून नग पुसा आणि लगेच बॅटरीचा झोत अगदी तिरपा, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून मारा. पृष्ठभाग काही सेकंदांत सुकतो. चिरेत शिरलेलं स्पिरिट मागे राहतं आणि ओली काळी रेघ उठून दिसते. काळ्या आबनुसावर एरवी न दिसणाऱ्या चिरा अशाच सापडतात. लाखेचं पॉलिश असेल तर हे करू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. आणि स्पिरिट उघड्या खिडकीशी, गॅसपासून लांब.

ही तपासणी पॉलिशपेपर लावण्याच्या आधी, नुसत्या कापलेल्या ठोकळ्यावर करायची सवय लावा. चीर असलेल्या ठोकळ्यावर चार संध्याकाळी घालवण्यापेक्षा तो दोन मिनिटांत बाजूला टाकलेला परवडतो.

वजन: लाकूड खरंच सुकलंय का?

परदेशी कठीण लाकडाचे छोटे ठोकळे बहुतेकदा सगळीकडून मेण लावून विकतात. ते मेण लाकूड फुटू नये म्हणून असतं, आणि याचा दुसरा अर्थ असा की आत ओल अडकलेली असते. ठोकळा दुकानात दोन वर्षं पडलेला असला तरी मेणाखाली तो ओला असू शकतो. आबनूस यात सगळ्यात नाठाळ. (आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलाच तो, तीच टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या वळतात.) सुकताना तो इतक्या सहज तडकतो की घाई केली की गेलाच.

तपासायला सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कुचकामी. ६० × ४० × १० मिलिमीटरचा आबनुसाचा ठोकळा साधारण २५ ग्रॅम भरतो; त्यातली एक टक्का ओल गेली तर फरक पडतो पाव ग्रॅमचा. मोठ्या काट्याला तो कळतच नाही.

दोन्ही रुंद अंगांवरचं मेण खरवडा, टोकांचं राहू द्या, कारण टोकांतून ओल सगळ्यात वेगाने जाते आणि तडे तिथूनच सुरू होतात. ठोकळ्यावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा. कागदी पिशवीत त्याच लाकडाच्या भुशाबरोबर घालून कपाटात ठेवा. तीन-चार दिवसांनी वजन करा. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की ठोकळा तुमच्या घरच्या हवेशी जुळला. उन्हात, ओव्हनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये टाकून वेळ वाचवू नका. बाहेरचा थर आकसतो, आतला तसाच राहतो आणि बाहेरचा फाटतो.

"घरच्या हवेशी" हे शब्द नीट लक्षात घ्या. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात साधारण १२ टक्के ओल टिकते. ८० टक्क्यांना १६ च्या आसपास. ३० टक्क्यांना जेमतेम ६. ऑकलंडच्या दमट हवेत जुळलेला नग विदर्भाच्या उन्हाळ्यात गेला तर निम्म्याहून जास्त ओल सोडतो. २५ मिलिमीटर रुंदीच्या नगात हा फरक पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तोही सगळीकडे सारखा नाही: वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आकसतं, आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. लांबट दांड्याला याचं काही वाटत नाही. बंद वेटोळ्याला वाटतं. म्हणून कोरड्या प्रदेशात जाणारा नग असेल तर ठोकळा आधी काही आठवडे हीटरच्या खोलीत (हीटरसमोर नव्हे) ठेवून तिथे वजन स्थिरावू द्या, मगच फर्मा ठेवा.

सुकलेलं लाकूड हवं तर माझा सल्ला नवं विकत घेण्याचा नाहीच. जुन्या शिसवी पलंगाचा पाय, मोडक्या देव्हाऱ्याची चौकट, हे दोन-तीन पिढ्या सुकलेलं लाकूड असतं आणि कोरायला उत्तम. शिवाय शिसव आणि मध्य अमेरिकेतलं कोकोबोलो हे दोन्ही डालबर्जिया कुळातले, आणि २०१७ पासून ते अख्खं कुळ साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांत असल्याने या लाकडाच्या देशाबाहेरच्या देवघेवीला कागदपत्रं लागतात. पुण्याहून न्यूझीलंडला येताना असा तुकडा बॅगेत असेल तर प्रवासी घोषणापत्रात लाकूड जाहीर करा. न केल्यास जागेवर ४०० डॉलर दंड आहे. किडीची भोकं असलेला तुकडा तर आणूच नका.

भोक

चीर भोकापासूनच निघत असेल तर हे बघा. भोकाच्या कडेपासून नगाच्या कडेपर्यंत किती लाकूड आहे? २.५ मिलिमीटरच्या भोकाला वर किमान ४ मिलिमीटर हवं. फोटोतल्या दगडी नगात ते दीड-दोनच दिसतं, कारण दगडाला ते पुरतं.

भोक कधी पाडता हेही महत्त्वाचं. आकार कापून झाल्यावर, बारीक झालेल्या मानेत ड्रिल घातलं तर ती फाटणारच. ठोकळा चौकोनी असतानाच भोक पाडा, खाली वाया जाणाऱ्या लाकडाची फळी घट्ट दाबून. आधी दीड मिलिमीटर, मग अडीच. बिट दर काही फिरकीला बाहेर काढून भुसा झटका. बोथट बिट लाकूड कापत नाही, घासून जाळतं; जळका वास आला की आत बारीक तडे पडलेत असं धरून चाला. दोन्ही तोंडांच्या धारदार कडा गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने गोल करून घ्या.

हातकाम करणाऱ्यांनी हत्याराची धारही इथेच तपासावी. बोथट पटाशी कठीण लाकडात तंतू कापण्याऐवजी चेपते आणि आतल्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकी गळाच्या टोकाशी असलेल्या आडव्या काट्याच्या मुळाशी, न दिसणारी चीर सोडते. अंगठ्याच्या नखावर पटाशी तिरपी टेकवा. घसरली तर आधी धार लावा.

आराखडा आणि रेषा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, आणि तरी नग त्याच जागी मोडतोय, तर फर्मा बदलायला हवा. सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे आणि सगळ्यात जास्त नगही इथेच वाचतात.

पहिली गोष्ट, रेषांची खरी दिशा शोधा. पृष्ठभागावरच्या रंगाच्या पट्ट्या फसवतात. ठोकळ्याच्या टाकाऊ कोपऱ्यावर पटाशी ठेवून एक टोला द्या आणि ढलपी फोडा. ती ज्या दिशेने फुटते ती खरी दिशा. ढलपी तिरकी फुटली तर वरच्या पट्ट्या कितीही सरळ दिसोत, तुमचा दांडा तिरक्या रेषांचा होणार आहे. पेन्सिलने बाण काढा, दोन्ही बाजूंना.

आता फर्मा त्यावर ठेवा. साधा इंग्रजी J अक्षरासारखा गळ असेल तर दांडा रेषांच्या लांबीत ठेवायचा. दांडा मजबूत झाला, समोरची वर आलेली बाजूही मजबूत झाली. मग कमजोर काय राहिलं? तळ. तिथे लाकूड आडवं वळतं पण तंतू उभेच राहतात. म्हणून तळाचा बाक दांड्याच्या दीडपट ते दुप्पट रुंद हवा, आणि जाडीही कमी करायची नाही. आतली वळणं गोल ठेवा. टोकदार आतला कोपरा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण. काटा आडवा बाहेर येतो, म्हणजे तोही आडव्या रेषांचा. तो बसका आणि बुडाशी रुंद करा, किंवा सरळ गाळा.

टोक आत वळून दांड्याकडे येणारा गोलाकार गळ जास्त कठीण. तिथे दांडा सरळ ठेवला तर टोक पूर्ण आडवं पडतं. फर्मा तीस-चाळीस अंश तिरका फिरवा. सगळीकडे थोडी तडजोड होते, पण पूर्ण आडवी जागा टोकावर येत नाही. कोरूच्या वेटोळ्याला (उलगडणाऱ्या नेच्याच्या कोंबाचा आकार तो) प्रत्येक फेऱ्यात दोन आडव्या जागा असतातच. लाकडात कोरू आरपार कापू नये असं माझं ठाम मत आहे. मागे तीनेक मिलिमीटर लाकूड ठेवून उठावात कोरा. सावली तितकीच छान पडते.

जुन्या माओरी कारागिरांना हे सगळं पक्कं माहीत होतं. त्यांचे वापरातले लाकडी गळ मुळातच बाक असलेल्या फांद्या-मुळांपासून केलेले असत, म्हणजे तंतूच वळणाबरोबर वळत. आणि अनेक गळ जोडाचे: दांडा लाकडाचा, टोक हाडाचं, दोन्ही हाराकेकेच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या फ्लॅक्स या वनस्पतीच्या धाग्याने करकचून बांधलेले. लाकडाला जमणार नाही ते काम लाकडाकडे दिलंच नव्हतं. तुम्हालाही जाड फांदीच्या बेचक्यातला वळणदार रेषांचा तुकडा मिळाला तर तो कोकोबोलोच्या सरळ ठोकळ्यापेक्षा गळासाठी जास्त मोलाचा. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला गेलात तर 'ते पुइया' या माओरी कलाकेंद्राच्या कोरीवकाम शाळेत लाकूड आणि दगड-हाड यांचे विभाग वेगवेगळे आहेत. कोरणाऱ्यांना काम करताना बघता येतं. लाकूडवाल्यांच्या पटाशीची दिशा किती वेळा बदलते तेवढंच बघत बसा.

लाकूडही आकाराप्रमाणे निवडा. पडौक आणि लिग्नम व्हिटी यांत रेषा थराथराने उलटसुलट गुंतलेल्या असतात. कोरायला त्रास देतात पण सहज फाटत नाहीत. वेंगे उलट, कुसळं फार काढतं. बारीक टोकाला घेऊच नका.

आता गोंद

लांब कुसळांची ताजी मोड असेल तर पातळ सुपर ग्लू पुरतो. शिसव, कोकोबोलो अशा तेलकट लाकडाच्या दोन्ही बाजू आधी ॲसिटोनने पुसा, ते उडालं की लगेच चिकटवा. नाहीतर लाकडातलं तेल गोंद धरू देत नाही. (याच तेलामुळे जवसाचं तेल या लाकडांवर आठवडाभर चिकट राहतं. तिथे नुसतं मेण किंवा चपड्याचं पॉलिश वापरा. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.)

सपाट मोडीला नुसता गोंद टिकत नाही. दोन्ही तुकड्यांत एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तारेची खीळ घालावी लागते. छोट्या टोकात हे जिकिरीचं काम आहे. त्यापेक्षा पुष्कळदा टोक घासून आखूड गळ करणं शहाणपणाचं. दुरुस्त केलेला नग कुणाला देताना किंवा विकताना तसं सांगा. आणि तो माओरी कारागिराने केलेला नाही, त्या धाटणीचा आहे, हेही.

इथे थांबा

चीर भोकातून आरपार गेली असेल तर नग काढून टाका. लहान मुलाच्या गळ्यात तर कुठलाही चिकटवलेला नग नको. सुटलेलं टोक तोंडात जातं.

मोडलेली वस्तू पौनामूची, जुन्या हाडाची किंवा कुणी माओरी कुटुंबाने भेट दिलेली असेल तर गोंदाची नळी उघडू नका. ती त्यांच्या लेखी ताओंगा, म्हणजे जपायचा वारसा असते. ज्यांनी दिली त्यांना आधी विचारा, मग जाणत्या कोरीवकाम करणाऱ्याकडे किंवा संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाकडे न्या. समुद्रकिनारी किंवा खोदकामात जुना गळ सापडला तर तो तुमचा होत नाही. न्यूझीलंडच्या १९७५ च्या संरक्षित वस्तू कायद्याप्रमाणे ते कळवावं लागतं.

आणि कोकोबोलो, शिसव किंवा आबनूस घासताना अंगाला खाज, पापण्यांना सूज, छातीत घरघर यांपैकी काही झालं तर ते मास्क बदलून सुटणारं दुखणं नाही. ही ॲलर्जी दर खेपेला वाढत जाते. काम तिथल्या तिथे बंद करा, त्वचेच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना लाकडाचं नाव सांगून दाखवा, आणि त्या लाकडाचा नग ज्यांच्या अंगावर आहे त्यांनाही पुरळ येतंय का ते विचारा.